दुसऱ्यांदा अपग्रेड दाबायच्या आधी

करी रोडला राहणारी माझी मावशी कित्येक वर्षं घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, सोसायटीची इतिवृत्तं. तिचा लॅपटॉप २०१८ सालचा. विंडोज १० वरून ११ वर जाताना तो ६१ टक्क्यांवर अडकला, दोनदा रीस्टार्ट झाला आणि पुन्हा जुन्या विंडोजवर येऊन बसला. मावशीचा फोन आला, "अरे, परत एकदा दाबून बघू का?" मी म्हटलं, "मावशी, कशालाच हात लावू नकोस, रविवारी येतो मी." त्या रविवारी आम्ही जी तयारी केली ती इथे लिहितोय. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अशी वेळ बऱ्याच घरांत येणार आहे.

सगळ्यात आधी डेटा. बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर, सगळं तिच्यावर उतरवा. कॉपी झाली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली उघडून बघा. आम्ही तेच केलं आणि पोटात गोळा आला. दहा वर्षांपूर्वीची स्मरणिका उघडली तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाइल शाबूत होती, फाँट नव्हता. युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं ओळखायच्या आजच्या समान पद्धतीच्या) आधीच्या मराठी फाँटमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची. तो फाँट गेला की मजकूर असूनही वाचता येत नाही. म्हणून मराठीत काम करणाऱ्यांनी सी ड्राइव्हवर विंडोजच्या आतलं फाँट्स फोल्डर वेगळं कॉपी करावं. काही फाँट युजरच्या स्वतःच्या फोल्डरातही बसलेले असतात, तेही शोधावेत. प्रत्येक जुन्या कामाची एक पीडीएफ करून ठेवली तर फारच उत्तम.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असेल तर बिटलॉकरची (विंडोजमधल्या त्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की लॅपटॉप नेमकी तीच मागू शकतो. आम्ही ती मावशीच्या हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली, तिने वाचली, मी लिहिली, मग मी वाचली आणि तिने ताडून पाहिली. अपग्रेड चालू करण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं असतं, हेही त्याच पानावर लिहून ठेवलं.

मग लॅपटॉप मुळात पात्र आहे का ते बघा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क ही किमान अट बहुतेक लॅपटॉप पार करतात. अडतं ते प्रोसेसर आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीवर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. टीपीएम अनेकदा असतो, पण बायोसमध्ये बंद असतो. इंटेलच्या मशीनवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम. सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) हेही तिथेच दिसेल. प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या यादीत नसेल तर आडवाटेने विंडोज ११ चढवू नका. पोटापाण्याचं काम चालणाऱ्या मशीनवर तर मुळीच नाही.

आता चूक कुठे झाली ते शोधायचं. पडद्यावर एरर कोड आला की मोबाइलने फोटो काढा, कारण तो पुसला जातो. ८००७००७० हा कोड म्हणजे जागा कमी. सी १९००२०८ म्हणजे एखादं सॉफ्टवेअर आड येतंय. सी १९००१०१ ने सुरू होणारा कोड बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे, म्हणजे एखादं यंत्र विंडोजशी जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो, आणि मावशीकडे तोच होता. मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं मोफत साधन आहे. फसलेल्या अपग्रेडच्या नोंदी ते स्वतः शोधतं आणि कारण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून देतं. त्यात एका ड्रायव्हरचं नाव होतं. मावशीच्या डीटीपी सॉफ्टवेअरची यूएसबी डाँगल (ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), तिचा जुना ड्रायव्हर. पुढचं सगळं सोमवारपर्यंत थांबवलं. विक्रेत्याला फोन करून विंडोज ११ साठी नवा ड्रायव्हर आहे ना, हे विचारलं, तो पेनड्राइव्हवर घेतला आणि मगच जुना काढून टाकला. विक्रेता नाही म्हणाला असता तर मी अपग्रेडच केलं नसतं.

जागा किमान २५ ते ३० जीबी मोकळी करा, कारण जुनं विंडोज एका फोल्डरात जपून ठेवलं जातं. बाहेरून आणलेला अँटिव्हायरस काढा. चेकडिस्क आणि एसएफसी, ही डिस्क आणि विंडोजच्या फाइली तपासणारी साधनं, एकदा चालवा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर आधी डिस्क बदला. त्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर मॉडेल नंबरचा फोटो सोबत ठेवा. पंख्यातली धूळही साफ करून घ्या, मुंबईच्या दमट हवेत ती आत चिकटून बसते आणि अपग्रेडमध्ये लॅपटॉप दोन-तीन तास सलग तापतो.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नसेल तर प्लगची जागा विचार करून निवडा. मावशीकडे गीझर आणि लॅपटॉप एकाच एमसीबीवर होते, म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर बसलो. प्रिंटर, स्कॅनर, डाँगल, मेमरी कार्ड, सगळं काढलं; फक्त चार्जर आणि माउस. विंडोज ११ चा इन्स्टॉलर आधीच ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार होता. तो चालू विंडोजमधूनच उघडा. पेनड्राइव्हवरून बूट केलंत तर फाइली आणि सॉफ्टवेअर जागेवर ठेवायचा पर्याय मिळत नाही.

अपग्रेड झाल्यावर जुन्या विंडोजवर परतायला १० दिवस मिळतात, तेवढ्यात डिस्क क्लीनअप चालवू नका. आम्ही डाँगल लावली, प्रिंटर जोडला आणि त्याच जुन्या स्मरणिकेचं पहिलं पान छापलं. मावशीने चष्मा लावून 'श्री', 'द्वारा', 'कऱ्हाड' यांतली जोडाक्षरं एकेक करून तपासली.