कोळसा खाणीच्या तोंडावरील इमारती आणि कोठारे : आखणी व देखभाल कशी करावी

भूमिगत कोळसा खाण म्हटली की लक्ष खालच्या गॅलऱ्यांकडे आणि कोळशाच्या थराकडे जाते. परंतु पाळीवर उतरलेला माणूस सुखरूप वर येतो की नाही, हे जमिनीवरच्या दहा-बारा इमारती कोठे आणि कशा उभ्या आहेत यावरही बऱ्याच अंशी ठरते. पुढील मार्गदर्शन चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या वर्धा खोऱ्यातील खाणी नजरेसमोर ठेवून केले आहे.

पहिला प्रश्न जागेचा. कोळसा खाणींच्या नियमावलीनुसार खाणीच्या प्रत्येक तोंडाचा सर्वांत खालचा बिंदू त्या ठिकाणच्या सर्वोच्च पूररेषेपेक्षा किमान १.५ मीटर उंच असावा लागतो. बत्तीघर (कामगारांच्या टोपीवरच्या बत्त्या ठेवण्याची व चार्ज करण्याची जागा), विद्युत उपकेंद्र आणि बचाव साहित्याची खोली यांनाही हाच दंडक लावावा, कारण खाणीत पाणी शिरण्याची वेळ आलीच, तर सर्वांत आधी गरज याच तीन ठिकाणांची भासते. या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत नेल्याशिवाय भिंत उचलू नये. वाइंडिंग इंजिनच्या (माणसे व माल खाणीत वर-खाली नेणाऱ्या यंत्राच्या) पायाबाबत तर तडजोड नकोच. ज्या जमिनीखालचा कोळसा पुढे काढायचा आहे, तिच्यावर कायमची इमारत बांधू नये.

दुसरा प्रश्न आगीचा. पंखा खाणीतील हवा बाहेर ओढत असतो, म्हणून हवा आत जाण्याच्या तोंडाशी लागलेल्या आगीचा धूर थेट कामगारांपर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामध्ये एव्हनडेल येथे ६ सप्टेंबर १८६९ रोजी खाणीच्या एकमेव शाफ्टवरच (उभ्या विवरावरच) उभारलेली कोळसा फोडण्याची लाकडी इमारत पेटली आणि ११० जणांचा जीव गेला. म्हणूनच तोंडापासून १० मीटरच्या आतील सर्व बांधकाम न जळणाऱ्या साहित्याचे असावे, तसेच १५ मीटरच्या आत कोळसायुक्त दगड, वाळका पाला किंवा चोवीस तासांच्या वापरापेक्षा अधिक ज्वलनशील माल साठवू नये. ही अंतरे कागदावर पाळणे सोपे असते. पण दोन-चार वर्षांत तोंडाजवळ लाकडाच्या बल्ल्या, तेलाची पिंपे आणि जुने कन्व्हेयर बेल्ट हळूहळू जमा होतात. त्यासाठी जमिनीवर पांढरी रेषा आखावी आणि ती दर आठवड्याला कोण तपासणार, हे नावानिशी ठरवून द्यावे.

कामगार ज्या क्रमाने चालतो त्याच क्रमाने इमारती याव्यात : फाटक, हजेरीघर, बत्तीघर, मग खाणीचे तोंड. बत्तीघराला बत्ती देण्याची आणि परत घेण्याची खिडकी वेगळी ठेवावी, म्हणजे पाळी बदलताना दोन रांगा एकमेकींत मिसळत नाहीत. प्रत्येकाची बत्ती ठरलेली असावी आणि बत्तीवरचा क्रमांक व बिल्ल्यावरचा क्रमांक एकच असावा. फळ्यावरच्या ज्या खुंटीवरून बत्ती उचलली, तिच्यावर कामगाराचा बिल्ला अडकतो. पाळी संपल्यावरही एखाद्या खुंटीवर बिल्ला लटकत असेल, तर तो माणूस अजून खाली आहे. हजेरी यंत्रावर बोटाच्या ठशाने घेतली जात असली तरी हा फळा काढू नये. वीज गेली तरी तो वाचता येतो. शिसे-आम्ल बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे छताजवळ हवा खेळती हवी. गाळणीच्या सेल्फ-रेस्क्यूअरचे (विषारी वायूतून बाहेर पडताना तोंडाला लावायच्या श्वसन उपकरणाचे) ठरल्या मुदतीने वजन करावे. वजन वाढले असेल, तर आत दमटपणा शिरला आहे असे समजून तो वापरातून काढावा.

स्फोटकांच्या मॅगझिनचा (कोठाराचा) परवाना ज्या केंद्रीय संस्थेकडून मिळतो, तिचे मुख्यालय नागपुरातच आहे. ही इमारत वस्ती व इतर बांधकामांपासून परवान्यात नमूद केलेल्या अंतरावर असावी. डिटोनेटर (स्फोट घडवून आणणाऱ्या नळ्या) आणि स्फोटके एका खोलीत ठेवू नयेत. खोकी भिंतीपासून सोडून लाकडी फळ्यांवर रचावीत, तारखेची बाजू समोर ठेवावी आणि जुना माल आधी द्यावा. खाणीत नेताना स्फोटके ५ किलोपेक्षा अधिक न भरलेल्या, कुलूपबंद डब्यांतूनच न्यावीत. आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळईची तपासणी मृगाच्या पावसाआधी उरकावी.

कोठारांबाबत थोडक्यात : तेलघराचा उंबरठा उंच असावा, म्हणजे सांडलेले तेल बाहेर वाहत नाही, ऑक्सिजन आणि अॅसिटिलीनची सिलिंडरे वेगळी ठेवावीत, स्टोनडस्ट (कोळशाच्या धुळीचा स्फोट पसरू नये म्हणून खाणीत टाकायची दगडाची भुकटी) कोरडीच राहिली पाहिजे, कारण गोळे झालेली भुकटी स्फोटाच्या वेळी हवेत उडत नाही आणि मग ती असून नसल्यासारखीच.

सर्वांत जास्त काळजी कोळशाच्या ढिगाची घ्यावी लागते, कारण वर्धा खोऱ्यातील कोळसा आपोआप तापतो. ढीग उंचावरून ओतला की मोठी ढेकळे घरंगळून पायथ्याशी जमतात आणि त्यांच्या फटींतून हवा आत शिरते. त्यामुळे कोळसा पातळ थरांत पसरून प्रत्येक थर डोझरने दाबावा आणि आधी आलेला आधी पाठवावा. ढिगाखाली चिंध्या, लाकूड किंवा केबल राहू देऊ नये. तपासणीसाठी लोखंडी सळई ढिगात खोल खुपसून काही वेळ तशीच ठेवावी, नंतर ओढून तिचे टोक आधी तळहाताच्या मागच्या बाजूने जपून चाचपावे. हात टेकवत नसेल तर थर्मामीटरची वाट पाहू नये. पहाटे ढिगावर वाफ दिसणे आणि रॉकेलसारखा वास येणे, ही त्याआधीची खूण. अशा वेळी नुसते वरून पाणी मारल्याने आतली आग विझत नाही. तापलेला भाग उकरून, दूर पसरून, थंड करूनच हलवावा. ढिगाभोवतीच्या नाल्या निवळण टाकीत सोडाव्यात, म्हणजे काळे पाणी थेट ओढ्यात जात नाही.

शेवटी, कामगारांसाठीच्या सोयी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या खाण अधिनियम, १९५२ नुसार १५० हून अधिक माणसे असतील तर प्रथमोपचार कक्ष आणि २५० हून अधिक असतील तर कॅन्टीन लागत असे. स्नानगृहात घरचे कपडे आणि खाणीतले कपडे यांच्या खोल्या वेगळ्या ठेवाव्यात व मधे नहाणी असावी. २०१९ पासून तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी महिलांनाही भूमिगत खाणीत उतरता येते. त्यांचे स्नानगृह आणि कपडे बदलण्याची खोली मूळ आराखड्यातच असावी, नंतर एखाद्या कोठाराला पार्टिशन घालून नव्हे.