सहीची पहिली आवृत्ती घेताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील जुन्या मराठी घरांत लेखकाच्या सहीची पुस्तके आजही सापडतात. मात्र पुढची पिढी कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली असली, की घर बदलताना तीच पुस्तके रद्दीच्या गठ्ठ्यात जातात. अशी प्रत हाती आल्यास सहीच्या आधी मुद्रणाच्या तपशिलाचे पान वाचावे. तेथे ‘पहिली आवृत्ती’ असे छापलेले असणे पुरेसे नाही, कारण पुनर्मुद्रणातही ती ओळ तशीच ठेवून तिच्याखाली नवे साल दिलेले असते. मग छापील किंमत पाहावी. दशमान नाणी, म्हणजे ‘नवे पैसे’, एप्रिल १९५७मध्ये आली. म्हणून बेळगावातच राहिलेल्या इंदिरा संतांच्या १९५१च्या ‘शेला’ या कवितासंग्रहावर किंमत नव्या पैशांत छापलेली असेल, तर ती प्रत नंतरची समजावी.

सही भिंगाखाली तपासावी. फाउंटन पेनची शाई कागदाच्या तंतूंत किंचित पसरते आणि रेघ रेघेला छेदते तेथे गडद होते. छापलेल्या सहीत मात्र बारीक ठिपके किंवा सर्वत्र एकसारखा रंग दिसतो.

तरीही माझ्या मते प्रतीचे खरे मोल ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली यात असते. नुसत्या सहीपेक्षा ‘सप्रेम भेट’ लिहून खाली नाव, गाव आणि तारीख असलेली प्रत मी आधी घेतो. ते नाव कोणी खोडू नये. टिळकवाडीतील एका घरी मी विचारले, “काकू, हे पुस्तक तुमच्याकडे कसे आले?” त्यांनी आतले पिवळे पडलेले पोस्टकार्ड काढून दाखवले: शिक्षक असलेल्या वडिलांना कवीने पाठवलेले, पुस्तकातील तारखेनंतर चार दिवसांनी. त्यांनी सांगितलेले सर्व मी त्याच संध्याकाळी वेगळ्या कागदावर उतरवून, खाली त्यांची सही घेतली. असे पत्र, पावती किंवा निमंत्रणपत्रिका पुस्तकातून काढून वेगळ्या पाकिटात ठेवावी, पण ती कोणत्या पानांत होती ते आधी टिपून घ्यावे. विक्रेत्याच्या शिक्क्यातील पत्त्यात पिन कोड असेल, तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२नंतरचा, हेही ध्यानात ठेवावे. वाचनालयाचा शिक्का असल्यास पुस्तक रीतसर रद्द केल्याचा लेखी पुरावा मागावा. तो नसेल तर प्रत वाचनालयाला परत करावी.

फाटलेल्या वेष्टनाला चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग नंतर निघत नाही. आमच्या पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि ऊन पडेल त्या दिवशी दारे उघडावीत, पण पुस्तके थेट उन्हात मांडू नयेत.