कऱ्हाड सापडत का नाही?

आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही आता साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे. एका ओळीत एक पुस्तक: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशनस्थळ, मध्ये टॅब. टाइप करणारे अनेक, कीबोर्ड वेगवेगळे. अशी फाइल मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने तपासते ती अशी.

‘ओपन’ने फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) स्वतः लिहा, तेही ‘यूटीएफ-८-सिग’. काही एडिटर फाइलच्या आरंभी एक अदृश्य खूण ठेवतात. नुसत्या ‘यूटीएफ-८’ने ती पहिल्या दाखल क्रमांकाला चिकटून राहते आणि मजकुराचा आकडा करणारा ‘इंट’ अडतो. क्रमांक देवनागरी अंकांत असले तरी ‘इंट’ला ते बरोबर वाचता येतात.

मग फाइलवर थेट ‘फॉर’ चालवा. ‘रीडलाइन्स’ सगळी फाइल एकदम मेमरीत घेतो, ‘फॉर’ एकेक ओळ हातात देतो. ओळीच्या शेवटचं नव्या ओळीचं चिन्ह ‘आरस्ट्रिप’ने काढा, पण काय काढायचं ते कंसात सांगा. कंस रिकामा ठेवला तर शेवटचा टॅबही जातो आणि प्रकाशनस्थळ नसलेल्या ओळीत एक रकाना कमी भरतो. टॅबवर ‘स्प्लिट’ करून चार रकाने आले नाहीत, तर ओळ तिच्या क्रमांकासह वेगळ्या फाइलीत टाका. ती प्रोग्रॅमने दुरुस्त करू नये. मूळ वही उघडूनच करावी.

खरं काम पुढे आहे. ‘कऱ्हाड’ शोधलं की काही पुस्तकं येतात, काही येत नाहीत, आणि पडद्यावर दोन्हीकडे अक्षरं तीच दिसतात. कारण ‘ऱ्ह’ साठवण्याच्या तीन रीती आहेत. (कंसातले आकडे त्या त्या चिन्हाचे युनिकोड क्रमांक.) एकीत ‘ऱ’ हे एकच चिन्ह (२३५३) आणि हलन्त. दुसरीत साधा ‘र’ (२३५२), नुक्ता म्हणजे अक्षराखालचा ठिपका (२३६४) आणि हलन्त. तिसरीत साधा ‘र’, हलन्त (२३८१) आणि अदृश्य जोडचिन्ह (८२०५). पायथनच्या ‘युनिकोडडेटा’मधला ‘नॉर्मलाइज’ एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक करणारं रूप) सांगून चालवला की दुसरी रीत पहिलीत येते. तिसरीला तो हात लावत नाही. तिच्यासाठी त्याच ओळीवर ‘रिप्लेस’ लावा: २३५२, २३८१, ८२०५ या क्रमाच्या जागी २३५३, २३८१. ही चिन्हं ‘सीएचआर’ला आकडा देऊन मिळतात. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘सातारच्या वाऱ्या’ सगळे याने जुळतात. शोधायच्या शब्दावरही हीच प्रक्रिया करा, नाहीतर एकच बाजू सुधारते.

निकाल नव्या फाइलीत लिहा, मूळ फाइल तशीच राहू द्या. नवी फाइल पुन्हा याच प्रोग्रॅममधून काढा. यावेळी एकही अक्षर बदलता कामा नये.