दरीची ओळख करून घ्यायची? अंगठा वापरा

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या नॉर्थ यॉर्क मूर्स या माळरानाची रोझडेल दरी बघायला गेलं की ऑगस्टमधल्या जांभळ्या हेदरचे (माळावरचं बुटकं फुलझुडूप) पन्नास फोटो निघतात, पण 'या दरीचं वेगळेपण काय?' असं विचारलं की 'छान आहे'च्या पुढे गाडी जात नाही. मला उपयोगी पडलेली रीत:

१. माथ्यावर धावू नका. (सह्याद्रीची सवय, सुटता सुटत नाही!) लोहखनिज वाहणाऱ्या जुन्या रेल्वेचे रूळ गेले, पण तिची सपाट वाट दरीच्या वरच्या अंगाने अजून आहे. तिथून तळ आणि माळ दोन्ही दिसतात.

२. वहीत तीन आडव्या पट्ट्या आखा: तळ, उतार, माथा. तळाशी कुरणं, दगडी गडगे, शेतघरं; उतारावर ब्रॅकन नेचे; माथ्यावर हेदर. दिसेल तेच लिहा, 'सुंदर' हा शब्द वर्ज्य.

३. आता एक डोळा मिटून अंगठ्याने एकेक गोष्ट झाका. गडगे झाकले तर दरी तीच वाटते का? खनिज भाजायच्या भट्ट्यांचे अवशेष झाकले तर? ज्याच्याविना चित्र बिघडतं, तिथे खूण करा. मला वाटलं होतं हेदर जिंकेल; जिंकले गडगे.

४. पाच मिनिटं डोळे मिटून आवाज टिपा. वसंतात लांब, वाकड्या चोचीचा कर्ल्यू पक्षी आणि आपल्या टिटवीचा भाऊबंद लॅपविंग ऐकू येतात.

जपायचं एवढंच: हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात, तेव्हा वाट सोडू नका. १ मार्च ते ३१ जुलै खुल्या माळावर कुत्रा २ मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यालाच बांधलेला हवा, तसा कायदाच आहे.