छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी घरगुती सामानाचं टार्गेट: पापड, खडू आणि एक तेलाचा डबा

2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ घेतलं तेव्हापासून आमच्या खानदानातला प्रत्येक भाचा मला विचारतोय, मामा बंदूक घेऊ का. अरे तो 50 मीटरवरून गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन पोझिशनमध्ये रायफल मारणारा माणूस आहे, तुझ्या हातात येणार ती 4.5 मिमीची छर्ऱ्याची एअरगन. सीरियस शिकायचं असेल तर वरळीला रेंज आहे, तिकडे जा, कोच जे सांगेल ते ऐक. पण ज्यांच्याकडे एअरगन आधीच आहे आणि रविवारी दोन तास नुसती मजा करायचीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण ऑनलाईन जे सल्ले मिळतात ते वाचून डोकं फिरतं. बियरच्या बाटल्या फोडा म्हणे. फोडा, आणि मग चपलेतून काच काढत बसा.

बंदूक कशी धरायची, नेम कसा साधायचा, हे धरून चालतो की येतं. कायद्याचं एका ओळीत: 20 ज्यूलपर्यंतच्या (ज्यूल म्हणजे नळीतून सुटणाऱ्या छर्ऱ्याच्या जोराचं माप) 4.5 मिमीच्या एअरगनला लायसन्स लागत नाही, पण बिल जपून ठेवा आणि नेताना कव्हरमध्ये घालून गाडीतून न्या, लोकलमधून नको, मुंबईत शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात आणि प्लॅटफॉर्मवर हवालदाराला ज्यूल समजावत बसायची वेळ येऊ नये.

जागा. घरात नाही. चाळीच्या गॅलरीत एअरगनच्या नेमबाजीचे 10 मीटर आरामात भरतात हे मलाही माहितीय, पण त्या 10 मीटरमध्ये सहा दरवाजे असतात आणि कुठल्या दरवाजातून कोण बादली घेऊन बाहेर येईल त्याचा नेम नाही. गच्चीवर तर विचारही करू नका. मी साकीनाक्याला मेव्हण्याच्या गाळ्यात करतो, 40 फूट लांब, रविवारी मशीन बंद, शटर आतून लॉक, मागचा दरवाजाही लॉक, एक्झॉस्ट फॅन चालू. 10 मीटर म्हणजे 32 फूट 10 इंच, टेपने मोजा आणि जमिनीवर खडूने रेघ मारा. गाळा नसेल तर कर्जत-मुरबाडकडे कोणाची स्वतःची वाडी असेल आणि मागे मातीचा उंच बांध असेल तर उत्तम. दोन्ही नसेल तर हा लेख इथेच सोडा, खरंच सांगतो.

गॉगल. नागदेवी स्ट्रीटला सेफ्टी गॉगल शंभर-दीडशेत मिळतो. जो मारतोय त्याने घालायचा आणि जो मागे उभा राहून अक्कल शिकवतोय त्यानेही घालायचा.

आता मुख्य गोष्ट, जी कोणी नीट सांगत नाही. टार्गेट हा पाच रुपयांचा विषय आहे, टार्गेटच्या मागे काय आहे हा खरा विषय आहे. छर्रा पापडातून आरपार जातो, खडूतून जातो, कागदातून तर जातोच, आणि पुढे तो कुठेतरी थांबला पाहिजे. थांबला पाहिजे म्हणजे रुतून बसला पाहिजे, आपटून परत येता कामा नये. यात मी दोन वर्षं घालवली आहेत.

पहिल्यांदा मी हुशारी केली. परळला ओळखीचे एक मूर्तिकार आहेत, त्यांच्याकडून उरलेली शाडू आणली, फळ्यांचा खोका केला, त्यात थापून थापून भरली. पहिल्या रविवारी काय मस्त, छर्रा फच्च करून आत, जिथे लागला तिथे भोक, मी खुश. मग गावी गेलो, दोन रविवार चुकले. तिसऱ्या रविवारी येऊन पाच मीटरवरून सहज एक मारला आणि छर्रा सरळ परत येऊन माझ्या नडगीवर बसला. शाडू सुकून वीट झाली होती. पँट जाड होती म्हणून निळ्या डागावर भागलं, पण तो डाग बघून एकच विचार येत होता की तीन-चार फूट वर डोळ्यात आला असता तर? तेव्हा मी गॉगल घातला नव्हता, हे कबूल करतो. शाडू रोज ओली ठेवा म्हणणारे भेटतील, त्यांना विचारा तुम्ही स्वतः किती दिवस ठेवलीत.

मग कोणीतरी म्हणालं लांबी वापर, सुताराची, ती मऊ असते. असते, चार दिवस. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि अळशीचं तेल, आणि अळशीचं तेल हवेने घट्ट होतं, म्हणूनच तर सुतार ती वापरतो ना! परत वीटच. मग रेतीची गोणी ठेवली, तर प्रत्येक भोकातून रेती गळायला लागली, तासाभरात गोणी वरून रिकामी आणि गाळ्यात कन्स्ट्रक्शन साईट, मेव्हणा दोन आठवडे बोलत नव्हता. मग जाड मासिकांचा गठ्ठा सुतळीने करकचून बांधून लावला. हा प्रकार चालतो, खोटं नाही बोलणार, पण एकाच जागी मारत राहिलं की त्यात बोगदा पडतो आणि तो आतून किती खोल गेलाय ते बाहेरून दिसत नाही, मला कळलं ते मागच्या भिंतीचा रंग उडाला तेव्हा.

शेवटी जे टिकलं ते म्हणजे 15 किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा आणि चिंध्या. असा करायचा:

भंगारवाल्याकडून चौकोनी डबा घ्या, साधारण 9 इंच बाय 9 इंच आणि 14 इंच खोल असतो. वरचं झाकण पूर्ण कापून घ्या, त्यालाच कापायला सांगा, आणि कडा आत दुमडून हातोडीने सपाट करा, तो पत्रा ब्लेडसारखा लागतो. साबणाच्या पाण्याने तेल धुऊन वाळवा. तळाला जाड प्लायवूडचा तुकडा मापात कापून बसवा, 18 मिमीचा असला तर छान. आता चिंध्या. कारखान्यात मशीन पुसायला जे बनियनचं कटपीस मिळतं, किलोवर, ते सगळ्यात भारी. नसेल तर जुने सुती टॉवेल, चादरी, बनियन, पंचे. सिंथेटिक साड्या अजिबात नको, त्या घसरतात, कोपऱ्यात जाऊन बसतात आणि मध्ये पोकळी राहते.

आणि इथे एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. प्रत्येक कपडा हाताने चाचपून बघा. बटण, चेन, हुक, पट्ट्याची कडी, काहीही धातूचं दिसलं की कापून बाजूला. मी एकदा आळस करून जीन्सचा पाय समजून कमरेचा भाग कोंबला, तांब्याच्या बटणासकट, आणि तीन महिन्यांनी एक छर्रा नेमका त्याच्यावर लागून तिरका बाहेर आला आणि ट्यूबलाईटच्या पट्टीवर टण्ण वाजला. शंभर छर्रे बटणाच्या बाजूने गेले असतील, एकच लागला. एकच पुरतो.

चिंध्यांचे बोळे करून टाकू नका. डब्याच्या मापाच्या चौकोनी घड्या करा आणि एकावर एक आडव्या ठेवत चला, दर चार-पाच घड्यांनी डबा जमिनीवर उभा धरून आत पाय घालून दाबा, नाहीतर मुसळासारख्या दांड्याने ठासा. तुम्हाला वाटेल भरला, तेव्हा अजून अर्धा किलो जातो. तोंडापर्यंत इतका गच्च झाला पाहिजे की अंगठा दाबला तर जेमतेम आत जाईल. मग तोंडावर खोक्याचा जाड पुठ्ठा लावून चारी बाजूंनी टेप. डबा आडवा करा, तोंड तुमच्याकडे, टेबलावर दोरीने घट्ट बांधा.

आता चाचणी, आणि ही टाळायची नाही. तुमच्याच बंदुकीने, 10 मीटरवरून, एकाच जागी वीस छर्रे मारा. मग पुठ्ठा काढून घड्या एकेक उचला आणि शेवटचा छर्रा किती खोल गेला ते बघा. माझ्या बंदुकीचे छर्रे डब्याच्या अर्ध्यापर्यंतही जात नाहीत. तुमचे अर्ध्याच्या पुढे गेले तर भरणं ढिलं आहे, परत ठासा. प्लायवूडला छर्रा पोचलाच असेल तर तो डबा वापरायचा नाही, विषय संपला.

नऊ इंचाच्या तोंडाबाहेर मारणारे पाहुणे येतातच. त्यांच्यासाठी डब्याच्या मागे जुनी कापसाची गादी दुहेरी करून उभी करा, तिच्या मागे प्लायवूड. मुंबईत जुनी गादी मिळवायला कष्ट पडत नाहीत, कुठल्याही सोसायटीच्या जिन्याखाली एक पडलेली असते.

छर्रे फक्त शिशाचे, पुढून चपटे. चपट्याने कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. स्टीलच्या गोळ्या बिलकुल नाही, त्या कशावरही आपटून परत येतात.

हुश्श. आता मजेचं.

कागदासाठी मी लग्नपत्रिका वापरतो, घरात ढिगाने असतात आणि कार्ड जाड असल्यामुळे भोक फाटत नाही. गणपतीचा भाग आधी कापून बाजूला ठेवतो, आईच्या नजरेतून सुटका नाही. कोऱ्या बाजूला 10 रुपयांचं नाणं ठेवून गोल काढा, नाणं 27 मिमीचं आहे, त्याच्या बाहेर सगळीकडून जेमतेम पावणेदोन मिमी जागा सोडलीत की 10 मीटर एअर रायफलच्या काळ्या गोलाच्या जवळ जाता, तो 30.5 मिमीचा असतो. काळ्या स्केचपेनने भरा. त्या खऱ्या टार्गेटमध्ये दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे छर्रा त्याच्या नऊपट रुंद, हे एकदा काढून बघितलं की टीव्हीवर एका नेमाच्या 10.5 गुणांना नाक मुरडणं बंद होतं.

पापड: भाजलेला. कच्च्याला नुसतं भोक पडतं, भाजलेल्याचा चक्काचूर होतो. कपड्याच्या चिमट्याने पुठ्ठ्याला लावा. बरणीच्या तळाचे सादळलेले, तुटके घ्या, ते परत भाजले की कडक होतात, चांगले आणलेत तर घरचे तुम्हालाच डब्यासमोर उभं करतील. मिरगुंडं लहान असतात, ती दुसऱ्या तासाला.

खडू: माझं सगळ्यात आवडतं. अर्धा इंचाचे तुकडे करून डब्याच्या तोंडासमोर दोऱ्याने टांगा. लागला की पांढरा धूर, बाकी काही उरत नाही. आवाज नाही, धार नाही. भाच्यांना याच्यापुढे दुसरं काही नको असतं.

सोड्याच्या बाटलीचे बिल्ले: दोऱ्याने मोकळे टांगायचे, लागले की गरगर फिरतात. खिळ्याने ठोकून बसवायचे नाहीत, मोकळा बिल्ला मार सोसून मागे जातो, ठोकलेला छर्रा तुमच्याकडे परत पाठवतो. कोल्ड्रिंकचे रिकामे कॅन तसेच, टांगून. चहाचे कागदी कप पाण्याने भरून ठेवले तर मजा येते पण डबा भिजतो, ते वाडीवरच.

पत्त्यांचा जुना कॅट: आधी सपाट, नेम बसला की पत्ता कडेने उभा करून. पत्ता कडेवर कापायला मला दीड वर्ष लागलं आणि तो इस्पिकचा गुलाम अजून पाकिटात आहे.

फुगे चौपाटीवर बरे. तिथल्या बंदुकीला नेम डावीकडे धरला तर छर्रा उजवीकडे जातो, त्याची गंमत वेगळी.

हे नको: काच, दगड, झाडाचा बुंधा, जाड लोखंड, ट्यूबलाईट (आत पारा असतो), परफ्युमचा कॅन, सीडी, तिच्या धारदार कपच्या उडतात. मेणबत्तीची ज्योत विझवायचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, पण तुमच्यासमोर सुक्या चिंध्यांचा डबा आहे, जरा विचार करा. आणि कबुतरं, कावळे, खारी, कुत्रे यांच्याकडे नळी वळवणाऱ्याला मी गाळ्यात दुसऱ्यांदा घेत नाही. त्यासाठी प्राण्यांच्या छळाविरुद्धचा 1960 चा आणि वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा आहेच, पण ते नसते तरी नसतं घेतलं.

टार्गेट बदलायला पुढे जाताना बंदूक रिकामी, नळी खाली वाकवून उघडी, टेबलावर. कोणी पुढे असताना तिला हात लावायचा नाही, फोटोसाठीसुद्धा.

दर वेळी टार्गेट डब्याच्या वेगळ्या कोपऱ्यावर लावा म्हणजे मध्ये बोगदा पडत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी डबा उघडा, मास्क लावून, चिंध्यांवर आधी पाणी शिंपडून, झटकायच्या नाहीत कारण त्यात शिशाची धूळ असते. छर्रे वेगळे काढून बरणीत ठेवा, शिसं भंगारात जातं. फाटलेल्या घड्या कचऱ्यात, घरच्या वॉशिंग मशीनमध्ये चुकूनही नको. पापडाचा चुरा ओल्या फडक्याने गोळा करून तोही कचऱ्यात, कबुतरांना टाकायचा नाही, त्यालाही शिसं लागलेलं असतं. आणि नाक्यावरून वडापाव आणलेत तर तो शटरच्या बाहेर ठेवा, हात साबणाने दोनदा धुवा, मग खा.