लांबच्या भाड्याला जीपीएस घेताय? आधी २४ व्होल्ट बघा

दुकानात जाण्याआधी ट्रकच्या केबिनमधून खाली उतरा आणि बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडा. आत दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या दिसतील. बारा आणि बारा, चोवीस. मोठी गाडी २४ व्होल्टची असते. कार १२ व्होल्टची, छोटा हत्ती आणि पिकअपही १२ चीच. हा आकडा डोक्यात ठेवूनच दुकानाची पायरी चढा. मागच्या वेळी मी सगळं बघितलं होतं, फक्त एवढंच राहिलं.

सोलापूरहून इंदूरचं भाडं होतं. जीपीएसचं उपकरण नवंकोरं, सात इंची पडद्याचं, नकाशाही ताजा. चार्जर मात्र घरच्या कारमधला उचलला, कारण लायटरच्या सॉकेटमध्ये तो घट्ट बसला. सॉकेट दोन्हीकडे सारखंच असतं हो, फसगत तिथंच होते. बसला म्हणजे चालणार, असं मी धरून चाललो. बीड मागे पडलं आणि केबिनमध्ये प्लास्टिक जळाल्याचा वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली, चार्जरला हात लावला तर चटका बसला. टोकाचं प्लास्टिक वितळून सॉकेटला चिकटलं होतं, फ्यूजही गेला होता. उपकरणाची आतली बॅटरी तासभर पुरली. फोन त्याच चार्जरच्या भरवशावर होता, तोही बंद पडला.

आता पुढचं ऐका. छत्रपती संभाजीनगर ओलांडून धुळ्याकडे जाताना नकाशात सरळ दिसतो तो कन्नडचा औट्रम घाट. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं ऑगस्ट २०२३ मध्ये तिथं जड वाहनांना बंदी आली. हे मला ठाऊक होतं. नांदगावकडून जायचा रस्ता उपकरणात घालूनही ठेवला होता. पण पडदा काळा पडल्यावर अंधारात वळण निसटलं आणि घाटाच्या तोंडाशी पोलिसांनी परत फिरवलं. जाऊन-येऊन शंभरएक किलोमीटरचं डिझेल गेलं, रात्र गेली, माल उशिरा उतरला म्हणून भाड्यातून पैसे कापले गेले. सगळं कशामुळे, तर दीड-दोनशे रुपयांच्या चार्जरमुळे.

म्हणून उपकरण हातात घेतलं की पडदा नंतर बघा, आधी चार्जर उलटा करा. त्याच्यावर बारीक अक्षरात ‘इनपुट’ लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून वाचा, लाजू नका. नुसतं १२ असेल तर जागच्या जागी परत द्या. १२ ते २४ असेल तर चालतं म्हणतात, पण मी ३० किंवा ३२ पर्यंतचा घेतो. कारण इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरतो तेव्हा लाइनला २४ नसतात, २८ च्या आसपास असतात. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा, काटा स्वतः बघा. दुकानदार ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणेल. त्याच्या डोळ्यांपुढे कार असते. त्याला विचारू नका, चार्जरवर वाचा.

उपकरण १२ व्होल्टचंच असेल आणि तेच हवं असेल, तर मध्ये २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवून घ्या. इथं एक उपाय तुम्हाला नक्की सुचवला जाईल: दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढून देतो, बारा मिळतील, खर्च काही नाही. करू देऊ नका. एक बॅटरी रोज उतरत जाते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरत राहते आणि काही महिन्यांत जोडीच खराब होते. दोन बॅटऱ्यांचे पैसे आणि कन्व्हर्टरचे पैसे, हिशेब तुम्हीच करा.

उपकरण कुठलं, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. माझ्या मते तो दुसरा आहे. ट्रकसाठीच बनवलेलं उपकरण किंवा ट्रकचं ॲप घेतलं तर ते गाडीची उंची, लांबी, वजन विचारतं आणि त्याप्रमाणे रस्ता काढतं. फोनवरचा रोजचा नकाशा हे काहीच विचारत नाही, त्याच्या लेखी तुमची गाडी म्हणजे कार. तो तुम्हाला गावच्या बाजारपेठेतून नेईल, रेल्वेखालच्या मोरीतून नेईल, दहा मिनिटं वाचवायला ऊसाच्या फडातल्या रस्त्यावर घालेल. फोनच वापरायचा असेल तर वापरा, बरेच जण वापरतात, पण त्यानं काढलेला रस्ता निघण्याआधी डोळ्यांखालून घाला. आणि एक गोंधळ करू नका. एआयएस-१४० या सरकारी मानकाचा जो डबा गाडीला बसवतात, तो ट्रॅकर. गाडी कुठे आहे हे तो दुसऱ्याला सांगतो, कुठे वळायचं हे तुम्हाला सांगत नाही. ‘गाडीला जीपीएस आहे की’ असं म्हणून पुष्कळ मालक तिथंच थांबतात.

उंची घालताना आरसीवरची घालू नका. माल भरून, ताडपत्री ताणून, दोर आवळून झाल्यावर सगळ्यात उंच जागेवरून टेप सोडा. कापसाच्या गाठी, भुसा, रिकामे ड्रम असले की आकडा दर फेरीला बदलतो. कंटेनरवाल्यांनी तर हाय-क्यूब आहे का ते विचारूनच घ्यावं, साधा ८ फूट ६ इंच आणि हाय-क्यूब ९ फूट ६ इंच, एका फुटाचा फरक. पुलाखाली एक फूट म्हणजे फार होतं. तरीही उपकरणावर सगळा भरवसा टाकू नका. आपल्याकडच्या प्रत्येक पुलाची उंची नकाशात भरलेली नसते आणि रस्त्यावर नवा थर पडला की पाटीवरची उंचीही खरी राहत नाही. शंका आली तर क्लीनरला खाली उतरवा.

नकाशा जुना नको. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा जून २०२५ मध्ये. त्याआधीचा नकाशा भरलेलं उपकरण त्या रस्त्यावर गाडी शेतातून चाललेली दाखवतं. घेताना विचारा, नकाशा वर्षातून किती वेळा बदलून मिळतो आणि फुकट की पैसे देऊन. बोगद्यात आकाश दिसत नाही म्हणून उपग्रहही दिसत नाहीत. इगतपुरीजवळचा समृद्धीचा बोगदा सुमारे ८ किलोमीटरचा आहे, तिथं बाण जागीच थांबला तर घाबरू नका.

घाटबंदी आणि शहरबंदी उपकरणावर सोडू नका. वरंधा घाट पावसाळ्यात जड वाहनांना बंद ठेवतात. मुंबई-पुण्यात मोठ्या गाड्यांना सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळा बंदी असते. हे सगळं त्या भागातल्या गाडीवाल्याला फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

चार्जरचं अजून एक. २४ व्होल्टचा घेतलात, आता बाहेर किती अँपिअर देतो तेही वाचा. नकाशा चालू, पडदा पूर्ण उजेडावर, ऊन काचेतून आत, अशा वेळी एक अँपिअरचा चार्जर पुरत नाही. जोडलेला असतानाही टक्का उतरत जातो. कमीत कमी दोन, शक्य तर तीन. आणि तसलाच दुसरा चार्जर डॅशबोर्डच्या कप्प्यात. दोन्ही २४ चालणारे. दुसरा कारमधला उचलू नका, मी तेच केलं होतं.

स्टँड स्क्रूने आवळायचा घ्या. काचेला चिकटवायचा रबर मे महिन्यात विदर्भात काचेवरून गळून पडतो, तेही खड्ड्यातच. वायपरच्या आणि आरशाच्या आड येणार नाही असा बसवा. उपकरण हातात धरून चालवायचं नाही. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यासाठी चालतो, तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही असा. रस्ता बदलायचा तर गाडी थांबवून.

आवाज मोठा आहे का ते दुकानात नाही, इंजिन चालू असलेल्या केबिनमध्ये ऐका. भाषा मराठी किंवा हिंदी लावा. नकाशे वायफायवर आधीच उतरवून घ्या, घाटात रेंज नसते. मुक्काम, पंप, माल उतरवायची जागा आधीच भरून ठेवा. मुख्य वळणांची गावं कागदावर लिहा, कागद क्लीनरकडे द्या. टॉर्च, फ्यूज, हे सांगायला नको.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सेल्फ मारा, इंजिन चालू ठेवा, चार्जर लावा, नकाशा चालू करा आणि अर्धा तास केबिनमध्ये बसा. मग चार्जरला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर त्याच वेळी बदला, दुकानं उघडी आहेत तोवर.