नदीखोऱ्याच्या पाणीवाटपाची बैठक: या चुका टाळा

ऊर्ध्व गोदावरीत पाऊस कमी झाला की ऑक्टोबरात भांडण ठरलेले. वरच्या अंगाचे नाशिक-अहिल्यानगरचे शेतकरी धरणावर, खालच्या मराठवाड्याचे रस्त्यावर आणि दोघांचे वकील न्यायालयात. मला हे अटळ वाटत नाही.

सर्वात मोठी चूक वेळेची. तूट पडल्यावर वाटपाला बसले की वरच्याला प्रत्येक थेंब हिसकावल्यासारखा वाटतो. वरच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी २०१८ मध्ये सुमारे ९ टीएमसी (अब्ज घनफूट), २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचे आदेश निघाले, तेव्हा वरची शेते रब्बीच्या तोंडावर होती. खरे तर समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा आहे, आणि जायकवाडीचा उपयुक्त (वापरता येणारा) साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावे, हे सूत्र याच वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने २०१३ मध्येच मांडले. धरणे तुडुंब असतील त्याच वर्षी बसा आणि दुष्काळात कालव्याच्या पाण्याचे कोणते आवर्तन (पाळी) कोण सोडून देणार, हे आधीच लिहून ठेवा.

मग आकडे. ‘धरण पंचवीस टक्के आहे’ असे कुणी म्हटले की विचारा, कशाच्या? जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२.७ टीएमसी, त्यात २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचे, एरवी बाहेर न काढता येणारे पाणी. म्हणजे उपयुक्त साठा शून्य असतानाही एकूण साठा २५ टक्के दिसतो! एक गट या टक्क्यावर बोलतो, दुसरा त्या, आणि दोघांना समोरचा खोटारडा वाटतो. एकक एकच ठेवा. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर), हे फळ्यावर लिहूनच सुरुवात करा.

सोडलेले पाणी आणि पोचलेले पाणी यांतही फरक असतो. कोरडे पात्र पाणी पिते, बंधाऱ्यांच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या काढायच्या राहून जातात, काठावरचे पंप चालू असतात. हिशेब धरणाच्या दाराशी धरायचा की जायकवाडीच्या फुगवट्यात (धरणामागे साचलेल्या पाण्यात), हे आधी ठरले नाही तर नंतर चोरीचे आरोप होतात. पाण्याच्या मोजपट्टीचे वाचन दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र करावे.

आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाला बोलवायला विसरू नका. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पात पाणीवापर संस्थांची सुरुवात टेलच्या ओझरकरांनी केली. पाणी घनमापाने मोजून घेतले, म्हणून वरच्यांशी बोलता आले. पुरंदरात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नाही, तर माणशी दिले, भूमिहीनालासुद्धा. शहरे आणि कारखाने मात्र बहुतेक वेळा आपले आरक्षण घेऊन बैठकीबाहेरच राहतात. त्यांनाही खुर्ची द्या, आणि वापरलेले किती पाणी शुद्ध करून परत देता, हे विचारा.

बैठक तरीही अडली तर मतदान घेऊ नका, वरच्यांचा जीव त्याने आणखी तुटतो. सगळ्यांना घेऊन मोजपट्टीपाशी जा, तिथले वाचन वहीत उतरवा, दोघांच्या सह्या घ्या आणि पुढची बैठक त्याच वहीवरून सुरू करा.